लिफाफा उघडण्यापूर्वीची दक्षता

गावाचा जोडरस्ता, जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली, ओढ्यावरचा पूल, नदीवरचे धरण ही कामे ज्या पैशातून होतात तो पैसा लोकांचा असतो. त्या पैशाचा पुरेपूर मोबदला लोकांच्या पदरात पडावा, यासाठी निविदा पद्धती स्वीकारण्यात आली आहे. काम जाहीर करावयाचे, पात्र कंत्राटदारांकडून मोहोरबंद दर मागवावयाचे, ते ठरलेल्या वेळी उघडावयाचे आणि सर्वांत कमी दराच्या पात्र निविदेस काम द्यावयाचे, असे या पद्धतीचे साधे स्वरूप आहे. दर देणारे परस्परांचे खरे प्रतिस्पर्धी असतील आणि दर मागविणारा तटस्थ असेल, या गृहीतावर ती उभी आहे. हे गृहीत ढासळले, तर कागदोपत्री सर्व सोपस्कार पूर्ण होऊनही लोकांची फसवणूक होते.

बांधकामातील गैरप्रकार म्हटले की सामान्यतः सिमेंटचे कमी प्रमाण, खडीचा पातळ थर किंवा मोजमाप पुस्तिकेतील खोट्या नोंदी यांकडे लक्ष जाते. हे प्रकार गंभीर आहेतच. परंतु मोठी हानी पुष्कळदा पहिली कुदळ पडण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. अंदाजपत्रक तयार होते तेव्हा, निविदेच्या अटी लिहिल्या जातात तेव्हा आणि निविदा भरणारे आपापसांत संगनमत करतात तेव्हा ती होते. म्हणून दक्षतेचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा. वऱ्हाडच्या अलीकडच्या इतिहासाने हा धडा मोठी किंमत मोजून दिला आहे.

वऱ्हाडचा अनुभव

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील भूगर्भातील पाणी खारे असल्याने विहीर खोदूनही शेतकऱ्याची अडचण सुटत नाही. पिण्यासाठी व शेतीसाठी गोडे पाणी हवे, तर नदी-नाल्यांचे पाणी साठविण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. या भागात धरणाचे काम रखडणे म्हणजे एका पिढीच्या शेतीचे भवितव्य रखडणे होय.

विदर्भातील सिंचन प्रकल्पांना गती मिळावी म्हणून १९९७ मध्ये कायद्याने विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाची स्थापना झाली. पूर्णेवरील बुलडाणा जिल्ह्यातील जिगाव प्रकल्प व अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्यातील निम्न पेढी प्रकल्प ही या महामंडळाची खारपाणपट्ट्याच्या दृष्टीने महत्त्वाची कामे. मात्र २००९ मध्ये काही महिन्यांच्या अवधीत महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची एकत्रित किंमत सुमारे ६,६७२ कोटी रुपयांवरून सुमारे २६,७२२ कोटी रुपयांवर गेली, आणि हा विषय राज्यभर चर्चिला जाऊ लागला. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतील आकडेवारीवरून, दशकभरात सिंचनाखालील क्षेत्राच्या प्रमाणात अवघी ०.१ टक्का वाढ झाल्याचा मुद्दाही पुढे आला.

त्यानंतर २०१२ मध्ये जनमंच या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. त्याच वर्षी शासनाने सिंचनविषयक श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली आणि वर्षाच्या अखेरीस ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. डिसेंबर २०१४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या उघड चौकशीस शासनाने मान्यता दिली आणि २०१८ मध्ये नागपूर व अमरावती येथे विशेष तपास पथके स्थापन झाली. काही प्रकरणांत गुन्हे नोंदविले गेले; २०१९ मध्ये काही निविदांच्या चौकशा बंदही करण्यात आल्या. व्यक्तिशः दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु या चौकशांमधून निविदा प्रक्रियेतील जे कच्चे दुवे उघड झाले, त्यांचा अभ्यास प्रत्येक कार्यालयाला आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला उपयोगी पडण्याजोगा आहे.

अंदाजपत्रक : पहिला कच्चा दुवा

निविदेत आलेला दर जास्त की कमी, हे ठरविण्याची फूटपट्टी म्हणजे खात्याचे अंदाजपत्रक. मंजूर दरसूचीनुसार तयार झालेल्या या रकमेशी निविदेची तुलना होते. निविदा ठरावीक टक्क्यांहून अधिक जादा दराची असेल, तर ती वरिष्ठांकडे पाठवावी लागते किंवा फेटाळावी लागते. पण फूटपट्टीच लांबविली तर काय होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

एखाद्या कामाचे अंदाजपत्रक १०० कोटी रुपयांचे आहे आणि सर्वांत कमी निविदा १२५ कोटींची आली, असे समजू. ती २५ टक्के जादा दराची ठरते आणि सहज स्वीकारता येत नाही. आता दर अद्ययावत करण्याच्या नावाखाली, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता न घेता, अंदाजपत्रकच १२० कोटींचे करण्यात आले. तीच निविदा आता केवळ ४.१७ टक्के जादा दिसते आणि पाच टक्क्यांच्या मर्यादेत बसते. कंत्राटदाराने एक रुपयाही कमी केलेला नसतो, तरी कागदावर दर वाजवी ठरतो. निविदा काढण्याच्या टप्प्यावर अंदाजपत्रकाची किंमत अधिकाराबाहेर वाढविली गेली, हा सिंचन प्रकल्पांच्या चौकशीतील एक प्रमुख आक्षेप होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दरसूची बदलल्यास अंदाजपत्रक सुधारणे गैर नाही. गैर आहे ते सुधारणेची वेळ आणि तिचा अधिकार यांकडे दुर्लक्ष करणे. सुधारणा निविदा जाहीर होण्यापूर्वी व्हावी, सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी मान्यतेने व्हावी आणि तिची कारणे नस्तीवर नोंदलेली असावीत. देकार आल्यानंतर अंदाजपत्रकास हात लावणे म्हणजे परीक्षेची उत्तरपत्रिका पाहून प्रश्नपत्रिका बदलण्यासारखे आहे.

अटींची भिंत

दुसरा कच्चा दुवा म्हणजे पूर्वअर्हतेच्या अटी. कंत्राटदाराजवळ अनुभव, यंत्रसामग्री व आर्थिक ताकद असावी, हे योग्यच आहे. परंतु कामाच्या आकाराशी विसंगत अनुभव मागणे, यंत्रसामग्री कामापासून अमुक अंतराच्या आतच असावी असा आग्रह धरणे, किंवा जागेची पाहणी केल्याचा स्थानिक अधिकाऱ्याचा दाखला अनिवार्य करणे, या अटींमागे कधी कधी वेगळाच हेतू दडलेला असतो. अशा दाखल्यामुळे निविदा कोण भरणार आहे हे अगोदरच उघड होते आणि नको असलेल्या इच्छुकास दाखला देण्याचे टाळून बाहेर ठेवता येते. उलट बाजूने, अपात्र कंत्राटदारास आत घेण्यासाठी अटी शिथिल करणे, किंवा रीतसर नोंदणी नसलेला संयुक्त उपक्रम पात्र ठरविणे, हाही तितकाच मोठा दोष आहे.

अटीची कसोटी साधी आहे. ती काढून टाकली तर कामाच्या गुणवत्तेला धोका पोहोचतो काय? पोहोचत असेल तर अट ठेवावी. पोहोचत नसेल तर ती कोणासाठी घातली गेली, हे विचारावे.

स्पर्धेचा देखावा

तिसरा दुवा कंत्राटदारांच्या आपसांतील संगनमताचा. बोलीभाषेत याला निविदा 'मॅनेज' करणे म्हणतात. त्याचे चार प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिल्यात एकाने काम घ्यावयाचे आणि बाकीच्यांनी मुद्दाम चढे दर भरून स्पर्धेचा देखावा उभा करावयाचा. दुसऱ्यात काहींनी निविदा भरावयाचीच नाही किंवा भरलेली मागे घ्यावयाची. तिसऱ्यात कामे पाळीपाळीने वाटून घ्यावयाची. चौथ्यात तालुके वाटून घ्यावयाचे आणि एकाने दुसऱ्याच्या तालुक्यात पाऊल टाकावयाचे नाही. जो माघार घेतो त्याला पुढे उपकंत्राट मिळते अथवा रोख मोबदला मिळतो.

याची किंमत कोण देते? ५० लाख रुपये अंदाजपत्रकाचा एखादा रस्ता खऱ्या स्पर्धेत १० टक्के कमी दराने गेला, तर तो ४५ लाखांत होईल. संगनमताने तोच ४ टक्के जादा दराने गेला, तर ५२ लाख लागतील. एका रस्त्यामागे हा ७ लाखांचा फरक पडतो. त्या पैशात होऊ शकणारे दुसरे काम मग कोणत्याच यादीत दिसत नाही, आणि म्हणूनच ही हानी लोकांच्या ध्यानात येत नाही.

संगनमत अंधारात होत असले, तरी त्याच्या खुणा कागदावर उमटतात. निरनिराळ्या निविदांतील सारखेच शब्द व सारख्याच चुका, एकाच बँक खात्यातून वा एकाच दिवशी लागोपाठ क्रमांकाने काढलेल्या बयाणा रकमेच्या हमी, एकच पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक, हरणाऱ्या निविदांच्या दरांत ठरावीक टक्क्यांचे अंतर, आणि त्याच त्या तीन नावांची आलटून पालटून होणारी सरशी, या त्या खुणा होत. विदर्भातील सिंचन निविदांच्या तपासातही एकाच कंत्राटदाराने प्रतिस्पर्ध्यांची बयाणा रक्कम भरल्याचा आरोप ठेवण्यात आला होता. एखादी खूण योगायोगाने आढळू शकते. दोन-तीन खुणा एकत्र आल्या, की मात्र चौकशी आवश्यक ठरते.

कायद्याचा आधार

निविदेतील संगनमत हा केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या तिसऱ्या कलमाने त्यास मनाई केली असून ही तरतूद २० मे २००९ पासून अमलात आहे. संगनमत सिद्ध झाल्यास, ते जितकी वर्षे चालले त्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यांपैकी अधिक असेल त्या मर्यादेत, दंड करण्याचा अधिकार भारतीय स्पर्धा आयोगास आहे. संगनमतातील एखाद्याने पुढे येऊन संपूर्ण व खरी माहिती दिल्यास त्याच्या दंडात सवलत देण्याचीही तरतूद आहे. राज्य शासन किंवा वैधानिक प्राधिकरण स्वतः असे प्रकरण आयोगाकडे पाठवू शकते. या अधिकाराचा वापर वाढावयास हवा.

भारतीय अन्न महामंडळाच्या एका प्रकरणातून या कायद्याची ताकद दिसून आली. धान्याच्या साठवणुकीत वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी २००९ मध्ये काढलेल्या निविदेत तीन उत्पादकांनी किलोस ३८८ रुपये असा अगदी एकसारखा दर दिला होता. आयोगाने २०१२ मध्ये हे संगनमत ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. संगनमताचा लेखी करार सहसा सापडत नाही. दरांतील साम्य व सभोवतालची परिस्थिती यांवरूनही ते सिद्ध होऊ शकते, हे या प्रकरणाचे महत्त्व आहे. जी खूण महामंडळाच्या अधिकाऱ्यांना तक्त्यात दिसली, ती तालुक्याच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यालाही दिसू शकते.

याशिवाय लाच देणारा व घेणारा अशा दोघांनाही भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ लागू होतो. अमरावती येथे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे परिक्षेत्र कार्यालय असून १०६४ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते.

ई-निविदेने काय साधले

पूर्वी निविदेचा कोरा अर्ज कार्यालयातून विकत घ्यावा लागे आणि भरलेला लिफाफा पेटीत टाकावा लागे. त्यामुळे अर्जच न देणे, पेटीपाशी अडविणे, धाकदपटशा करणे असे प्रकार घडत. राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळामुळे हे पुष्कळ अंशी थांबले. निविदा कोठूनही भरता येते, वेळ संपल्यावर ती स्वीकारली जात नाही आणि प्रत्येक कृतीची नोंद राहते.

परंतु संगणक दाराशी होणारी अडवणूक थांबवू शकतो. दिवाणखान्यात झालेला समझोता थांबवू शकत नाही. तिघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या एकाच्याच खणात असतील, तर तिन्ही निविदा एकाच संगणकावरून भरल्या जातात. मात्र संगणकाने नोंदींचा जो साठा दिला आहे, त्याचा उपयोग करून घेता येतो. दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाने २००६ पासून सार्वजनिक निविदांची आकडेवारी संगणकाद्वारे तपासून संशयास्पद निविदा वेगळ्या काढण्याची पद्धत सुरू केली. तेवढी मोठी यंत्रणा नसली, तरी गेल्या तीन वर्षांतील निविदा, भाग घेणारे, त्यांचे दर आणि विजेते यांचा एक साधा तक्ता कोणत्याही विभागीय कार्यालयात तयार होऊ शकतो. पाळीपाळीने होणारी वाटणी अशा तक्त्यात लपून राहत नाही.

कमी दराची दुसरी बाजू

सर्वांत कमी दर म्हणजे नेहमीच सर्वांत चांगला दर, असेही नाही. अंदाजपत्रकाहून फारच कमी दर देऊन काम मिळवावयाचे आणि पुढे जादा बाबी, वाढीव परिमाणे किंवा निकृष्ट साहित्य यांतून भरपाई करावयाची, हाही फसवणुकीचाच प्रकार होय. बाबनिहाय दरांच्या निविदेत ज्या बाबीचे परिमाण पुढे वाढणार असल्याची आतून माहिती आहे, तिचा दर चढा आणि इतरांचा अगदी कमी ठेवला जातो. म्हणून अतिशय कमी दराच्या निविदेत दरांचे पृथक्करण मागवावे, नियमानुसार अतिरिक्त सुरक्षा ठेव घ्यावी, आणि काम सुरू झाल्यावर परिमाणांतील प्रत्येक मोठ्या वाढीचे कारण तपासावे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

गावपातळीवरील कामे लहान असली तरी संख्येने फार असतात. तेथे सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे कामाचे तुकडे पाडणे. एकच रस्ता तीन भागांत दाखविला, की प्रत्येक भाग ई-निविदेच्या मर्यादेखाली येतो आणि खुली स्पर्धा टळते. प्रशासकीय मान्यतेच्या ठरावात एकाच कामाची लागोपाठची नावे आढळली, तर सदस्यांनी तेथेच थांबून कारण विचारावे.

दुसरा दोष हितसंबंधाचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ अन्वये, पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा अथवा हितसंबंध आहे, अशी व्यक्ती सदस्य राहण्यास अपात्र ठरते. नातलगाच्या नावावर काम घेऊन स्वतः ते चालविणाऱ्या सदस्यांनी ही तरतूद विसरू नये. राखणदारानेच पीक कापले, तर कुंपणच शेत खाते असे म्हणण्याची वेळ येते.

अंदाजपत्रकाची प्रत, कार्यारंभ आदेश, कंत्राटदाराचे नाव, कामाची मुदत व रक्कम ही माहिती ग्रामसभेपुढे ठेवावी आणि कामाच्या जागी फलकावर लिहावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कोणीही नागरिक १० रुपये शुल्क भरून नस्तीतील कागदपत्रांची मागणी करू शकतो आणि सामान्यतः ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. मात्र त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाचा आशय असा आहे, की मागण्याची वेळच येऊ नये इतकी माहिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावी.

अधिकाऱ्यांसाठी काही सूचना

१. निविदा प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, जागेचा ताबा व निधीची तरतूद यांची खातरजमा करावी. जागेविना काढलेली निविदा पुढे किंमतवाढीला निमंत्रण देते.

२. निविदेस पुरेसा कालावधी द्यावा. सणावाराच्या सुट्ट्यांत उरकलेली अल्प मुदतीची निविदा संशयास जागा देते.

३. निविदापूर्व बैठकीतील प्रश्नोत्तरे व शुद्धिपत्रके सर्वांसाठी एकाच वेळी संकेतस्थळावर ठेवावीत.

४. बयाणा रक्कम कोणत्या खात्यातून आली, हे तांत्रिक लिफाफा तपासताना पाहावे. बँक हमीची पडताळणी देणाऱ्या शाखेकडून थेट करून घ्यावी. कंत्राटदारामार्फत आलेल्या पत्रावर विसंबू नये.

५. अनुभवाचे दाखले ज्या कार्यालयाने दिले, त्या कार्यालयाकडूनच पडताळावेत.

६. अपात्र ठरविलेल्या प्रत्येक निविदाधारकास लेखी कारण कळवावे. समान दोष असलेल्या दोन निविदांना दोन न्याय लावू नयेत.

७. संगनमताची खूण आढळल्यास ती नस्तीवर स्पष्ट शब्दांत नोंदवावी आणि प्रकरण वरिष्ठांकडे पाठवावे. संशयितांनाच बोलावून खुलासा मागितल्यास पुरावा नष्ट होण्याची भीती असते.

शेवटच्या सूचनेत प्रामाणिक अधिकाऱ्याच्या संरक्षणाचा विचारही आहे. चौकशी अनेक वर्षांनी होते. त्या वेळी तोंडी आदेश कोणाला आठवत नाहीत आणि नस्तीवरील स्वाक्षरी तेवढी शिल्लक राहते. आपले मत व त्याची कारणे त्याच दिवशी लिहून ठेवणाऱ्या शाखा अभियंत्याच्या किंवा लेखापालाच्या बाजूने ती नस्तीच साक्ष देते.

सर्वांचा वाटा

या कामी शिक्षकांनाही मोठा वाटा उचलता येईल. शेकडेवारीचे गणित शिकविताना गावातल्याच एखाद्या कामाच्या फलकावरील आकडे घेतले, तर विद्यार्थ्याला गणितही समजते आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब मागता येतो ही जाणीवही रुजते. अंदाजपत्रक वाचता येणारा एक तरी नागरिक प्रत्येक ग्रामसभेत असेल, तर अनेक गैरप्रकार सुरू होण्यापूर्वीच थांबतील.

फसवणूक झाल्यानंतरची चौकशी आवश्यक असते, पण तिने वाया गेलेली वर्षे परत येत नाहीत. सिंचन प्रकल्पांच्या चौकशीत कागदपत्रांचे गठ्ठे वाढत गेले आणि खारपाणपट्ट्यातील शेतकरी मात्र पावसाकडेच पाहत राहिला. दोषींना शिक्षा होणे न्यायाचे असले, तरी त्या शिक्षेने शेताला पाणी मिळत नाही. पाणी मिळते ते वेळेवर, वाजवी दराने आणि चांगल्या रीतीने पूर्ण झालेल्या कामामुळे. अशा कामाचा पाया धरणाच्या जागेवर खोदला जाण्यापूर्वी अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर घातला जातो. त्या पानाकडे अधिकारी, पंचायत सदस्य आणि नागरिक या सर्वांचे लक्ष असावयास हवे.